डिसेंबरातलं कॅपिटल गेन वाटप: अमेरिकेतल्या मराठी गुंतवणूकदारांनी नोव्हेंबरातच करायची तयारी

अमेरिकेत आल्यावर तिसऱ्या वर्षी मला पहिला मोठा बोनस मिळाला. त्यातले १५,००० डॉलर मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका इक्विटी म्युच्युअल फंडात टाकले. चार-पाच दिवसांनी पाहिलं तर फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, एका दिवसात ९ टक्क्यांनी उतरलेली. बाजार त्या दिवशी जवळजवळ जागेवरच होता. खात्यातली युनिटं मात्र वाढली होती, म्हणून एकूण रक्कम तेवढीच दिसत होती. मी फार विचार केला नाही. फेब्रुवारीत ब्रोकरकडून १०९९-डीआयव्ही हा डिव्हिडंड आणि वाटपाचा कर-फॉर्म आला आणि त्यावर १,३५० डॉलरचं उत्पन्न माझ्या नावावर लागलेलं होतं. एक युनिट विकलं नव्हतं, एक डॉलर हाती आला नव्हता, नफाही झाला नव्हता, आणि तरी त्यावर कर भरायचा होता.

पुण्यात असताना मी प्रत्येक फंडात डोळे मिटून 'ग्रोथ' पर्याय निवडायचे. फंड आत काहीही खरेदी-विक्री करो, आपण विकेपर्यंत आपल्याला कर नाही, हे अंगवळणी पडलं होतं. इथे ग्रोथ पर्याय नावाची गोष्टच नाही. भारतात ज्याला पूर्वी डिव्हिडंड पर्याय म्हणत आणि १ एप्रिल २०२१ पासून सेबीने ज्याला आयडीसीडब्ल्यू नाव दिलं, त्याच्या जवळ जाणारा प्रकार इथे सगळ्यांनाच लागू असतो. फंडाने आत शेअर विकून मिळवलेला नफा गुंतवणूकदारांना वाटला जातो, यालाच कॅपिटल गेन वाटप म्हणतात. रक्कम परत गुंतवा किंवा बँकेत घ्या, करखात्याच्या लेखी ती तुम्हाला मिळालेलीच असते. आपल्याकडून आलेल्या माणसाला हे आपोआप कळत नाही, आणि कळतं तेव्हा डिसेंबर उलटून गेलेला असतो. म्हणून दिवाळीचा फराळ संपल्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या दिवसांत काय काय करून ठेवायचं, ते क्रमाने लिहिते आहे.

हे वाटप डिसेंबरातच का येतं

अमेरिकेत म्युच्युअल फंडाने आपलं किमान ९० टक्के उत्पन्न गुंतवणूकदारांना वाटलं आणि कायद्याच्या इतर अटी पाळल्या, तर वाटलेल्या रकमेवर फंडाला स्वतःला कर लागत नाही. तो कर गुंतवणूकदाराकडे जातो. याशिवाय ४ टक्क्यांचा एक वेगळा अबकारी कर आहे. तो टाळायचा तर फंडाला कॅलेंडर वर्षातलं ९८ टक्के साधारण उत्पन्न आणि ३१ ऑक्टोबरला संपणाऱ्या बारा महिन्यांतला ९८.२ टक्के भांडवली नफा त्याच वर्षी वाटावा लागतो. म्हणजे ऑक्टोबरअखेर नफ्याचं खातं बंद होतं, नोव्हेंबरात हिशेब होतो आणि डिसेंबरात वाटप होतं. आपल्याला आगाऊ तयारी करता येते ती याच मधल्या महिन्यामुळे. एखाद्या फंडाने ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या रेकॉर्ड तारखेचं वाटप जाहीर केलं आणि पैसे जानेवारीत दिले, तरी ते ३१ डिसेंबरलाच मिळालं असं धरलं जातं. त्यामुळे जानेवारीत पैसे आले म्हणून कर पुढच्या वर्षावर जात नाही.

नफा कुठून येतो? फंड मॅनेजरने वर्षानुवर्षं धरलेले शेअर विकले की येतो. मॅनेजर बदलला आणि नव्याने सगळी मांडणी बदलली की येतो. आणि सगळ्यात अन्यायाचा वाटतो तो प्रकार म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदारांनी पैसे काढून घेतले, त्यांना द्यायला फंडाने शेअर विकले आणि तो नफा मागे राहिलेल्यांच्या नावावर आला. २०२१ मध्ये व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या टार्गेट रिटायरमेंट फंडांत, म्हणजे ठरावीक निवृत्ती-वर्ष धरून आखलेल्या फंडांत, हे फार मोठ्या प्रमाणात झालं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी संस्थांसाठीच्या स्वस्त आवृत्तीत जायला लागणारी किमान रक्कम १० कोटी डॉलरवरून ५० लाखांवर आणली. मोठमोठ्या पेन्शन योजना तिकडे गेल्या, मूळ फंडांना शेअर विकावे लागले, आणि साध्या करपात्र खात्यात हे फंड धरून बसलेल्या सामान्य माणसांना २०२१ च्या अखेरीस कधी नव्हे एवढं वाटप मिळालं. हे प्रकरण पुढे अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनपर्यंत गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने सुमारे १० कोटी ६४ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. ज्यांनी तेच फंड आयआरए या करसवलतीच्या निवृत्ती-खात्यात ठेवले होते, त्यांना या सगळ्याची झळच लागली नाही.

बाजार पडला म्हणजे वाटप होणार नाही, असंही समजू नका. २०२२ मध्ये शेअर आणि बाँड दोन्ही पडले, तरी अनेक फंडांनी मागच्या वर्षांत साठलेला नफा वाटला. तोटाही सोसायचा आणि नफ्यावर करही भरायचा, अशी वेळ त्या वर्षी पुष्कळांवर आली.

पहिलं काम: कुठलं खातं करपात्र, ते वेगळं काढा

४०१-के (नोकरीतून मिळणारं निवृत्ती-खातं), ट्रॅडिशनल किंवा रॉथ आयआरए, मुलांच्या शिक्षणाचं ५२९ खातं यांच्या आत होणाऱ्या वाटपावर त्या वर्षी काही कर नाही. हे सगळं बाजूला ठेवा. उरतं ते साधं ब्रोकरेज खातं, नवरा-बायकोचं जॉइंट खातं आणि मुलांच्या नावाने उघडलेलं यूटीएमए खातं.

एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचतखातं, याबद्दल एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. केंद्राच्या करासाठी एचएसए सुरक्षित आहे, पण कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन राज्यं ती सवलत मानत नाहीत. आपली मंडळी या दोन्ही राज्यांत भरपूर आहेत. तिथे एचएसएमधल्या फंडांचं वाटप राज्याच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, आणि ब्रोकर त्याचा १०९९ पाठवत नसल्यामुळे आकडा स्टेटमेंटमधून स्वतःच काढावा लागतो.

करपात्र खात्यातल्या प्रत्येक फंडासमोर चार गोष्टी लिहा: किती युनिटं, एकूण खरेदी किंमत, आजची किंमत आणि कुठल्या तारखांना घेतली. इथे युनिटांना शेअर म्हणतात. मी सवयीने युनिटच लिहिते, म्हणजे कंपन्यांच्या शेअरशी घोळ होत नाही.

दुसरं काम: अंदाज शोधा

फंड कंपन्या बहुतेक ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत वाटपाचे अंदाज आपापल्या संकेतस्थळावर टाकतात. काही कंपन्या युनिटमागे इतके डॉलर असं सांगतात, काही एनएव्हीच्या टक्केवारीत. कंपनीच्या नावाबरोबर 'एस्टिमेटेड कॅपिटल गेन्स' शोधलं की पान सापडतं. हा अंदाजच असतो, डिसेंबरात आकडा बदलू शकतो. म्हणून पहिला अंदाज दिसला की लिहून ठेवा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेच पान पुन्हा उघडा.

त्या तक्त्यात दोन रकाने वेगवेगळे असतात, शॉर्ट-टर्म (एक वर्ष किंवा कमी धरलेल्या शेअरांचा नफा) आणि लाँग-टर्म (वर्षापेक्षा जास्त धरलेल्यांचा). दोन्हींचा कर वेगळा आहे. लाँग-टर्म वाटप १०९९-डीआयव्हीच्या २ए चौकोनात येतं आणि त्यावर सवलतीचा दर लागतो, मग तुम्ही फंड घेऊन पाचच दिवस झालेले असोत. इथे फंडाने शेअर किती दिवस धरले ते पाहतात, तुम्ही फंड किती दिवस धरला ते नाही. शॉर्ट-टर्म वाटप मात्र साध्या डिव्हिडंडमध्ये मिसळून १ए चौकोनात येतं आणि पगारावर लागतो तोच दर त्याला लागतो.

तारखाही तीन असतात. रेकॉर्ड तारखेला ज्याच्या नावावर युनिटं असतील त्याला वाटप मिळतं. एक्स तारखेला एनएव्ही तेवढ्याने उतरते. पेमेंटच्या तारखेला पैसे किंवा नवी युनिटं खात्यात येतात. म्युच्युअल फंडात हे बहुतेक दोन-तीन दिवसांत उरकतं. विकायचं ठरलं तर ऐन रेकॉर्ड तारखेपर्यंत थांबू नका, दोन-तीन कामाचे दिवस हाताशी ठेवा. फंडाचा व्यवहार त्या दिवसाच्या बंद एनएव्हीनेच होतो, त्यामुळे न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी ४ नंतर टाकलेली ऑर्डर दुसऱ्या दिवसावर जाते.

तिसरं काम: आकडा कागदावर मांडा

न्यू जर्सीत राहणारं एक जोडपं घेऊ. दोघांचं मिळून उत्पन्न २,८०,००० डॉलर, रिटर्न एकत्र. त्यांनी १० डिसेंबरला ५०,००० डॉलर एका फंडात टाकले, एनएव्ही ५० डॉलर, म्हणजे १,००० युनिटं. पुढच्या आठवड्यात फंडाने युनिटमागे ५ डॉलर वाटले: ४ लाँग-टर्म, १ शॉर्ट-टर्म. एनएव्ही ४५ झाली. ५,००० डॉलर परत गुंतवले गेले आणि सुमारे १११ युनिटं वाढली. एकूण किंमत पुन्हा ५०,०००.

आता कर. ४,००० डॉलरवर १५ टक्के म्हणजे ६००. १,००० डॉलरवर २४ टक्के म्हणजे २४०. उत्पन्न २,५०,००० च्या वर असल्यामुळे गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्के जादा कर, १९०. न्यू जर्सी लाँग-टर्म वगैरे काही मानत नाही, सगळ्यावर ६.३७ टक्के, म्हणजे ३१८.५०. एकूण १,३४८.५० डॉलर. पंधरा दिवस थांबून एक्स तारखेनंतर हेच ५०,००० टाकले असते तर त्या वर्षी यातलं काहीही भरावं लागलं नसतं.

हे पैसे पूर्ण बुडाले असं मात्र नाही. परत गुंतवलेले ५,००० डॉलर तुमच्या खरेदी किमतीत मिळवले जातात, ती आता ५५,००० झाली. पुढे कधी विकाल तेव्हा नफा तेवढ्याने कमी दिसेल. पण आज भरलेला कर पंधरा वर्षांनी वळता होणार असेल, तर मधल्या काळात तो पैसा आपल्याकडे वाढला असता, त्याचं काय? शिवाय शॉर्ट-टर्म भागावर २४ टक्क्यांनी कर भरला आणि पुढे लाँग-टर्म नफा कमी होऊन १५ टक्केच वाचले, तर त्यातला फरक कायमचा गेला.

म्हणून पहिला आणि सगळ्यात सोपा नियम: नोव्हेंबर-डिसेंबरात करपात्र खात्यात नवा फंड घेण्याआधी त्याचा अंदाज बघा. वाटप मोठं असेल तर एक्स तारीख जाऊ द्या. अर्ध्या टक्क्याच्या वाटपासाठी थांबायची गरज नाही, तेवढ्यासाठी पंधरा दिवस बाजाराबाहेर राहणं मला पटत नाही. महिन्याची एसआयपीसारखी आपोआप खरेदी चालू असेल तर मोठ्या वाटपाच्या फंडातला फक्त डिसेंबरचा हप्ता पुढे ढकला.

चौथं काम: विकायचं की थांबायचं

फंड आधीपासून हातात आहे आणि मोठं वाटप येणार आहे, तेव्हा लोक घाबरून विकून टाकतात. आधी दोन आकडे शेजारी ठेवा: तुमचा स्वतःचा न विकलेला नफा आणि येणारं वाटप.

समजा तुमची २,००० युनिटं आहेत, एनएव्ही ५०, किंमत १,००,०००. वाटप १० टक्के, म्हणजे १०,०००. तुम्ही ती दोन वर्षांपूर्वी ४८ ला घेतली असतील तर तुमचा नफा फक्त ४,००० आहे. आधीच विकलं तर ४,००० वर कर, धरून ठेवलं तर १०,००० वर. इथे विकणं शहाणपणाचं. तेच तुम्ही २० ला घेतली असतील तर विकल्यावर ६०,००० चा नफा अंगावर येईल. अशा वेळी वाटप मुकाट्याने घ्या आणि फंड राहू द्या. तोट्यात असलेला फंड वाटपाच्या तोंडावर धरून ठेवण्यात मात्र मला काहीच अर्थ दिसत नाही.

वर्ष पूर्ण झालं नसेल तर गणित बदलतं, कारण तुमच्या विक्रीचा नफा शॉर्ट-टर्म धरला जाईल. ४,००० वर २४ टक्के म्हणजे ९६०, आणि वाटपातले १०,००० सगळे लाँग-टर्म असतील तर १५ टक्क्यांनी १,५००. तरीही विकणं स्वस्त, पण फरक बराच कमी झाला.

एका फंडात दोन्ही प्रकारची युनिटं असली, काही जुनी स्वस्तातली आणि काही अलीकडची महाग, तर फक्त महाग घेतलेली विकता येतात. त्यासाठी ब्रोकरकडे 'स्पेसिफिक आयडेंटिफिकेशन' ही पद्धत निवडलेली हवी. म्युच्युअल फंडांना बहुतेक ठिकाणी आपोआप 'ॲव्हरेज कॉस्ट', म्हणजे सगळ्या युनिटांची सरासरी किंमत, लागलेली असते आणि त्या फंडातली पहिली विक्री त्या पद्धतीने झाली की त्या जुन्या युनिटांसाठी मागे फिरता येत नाही. आज काही विकायचं नसलं तरी हे सेटिंग आजच बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एका फंडातून त्याच कंपनीच्या दुसऱ्या फंडात 'एक्स्चेंज' करणं हीसुद्धा करासाठी विक्रीच आहे. नुसतं पैसे इकडून तिकडे सरकवले, असं ते नाही.

दान करणाऱ्यांसाठी एक चांगली वाट आहे. वर्षापेक्षा जास्त काळ धरलेली, भरपूर वाढलेली युनिटं रेकॉर्ड तारखेआधी एखाद्या ५०१(सी)(३) नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला थेट दिली, तर वाटपही येत नाही आणि साठलेल्या नफ्यावरचा करही लागत नाही. युनिटांच्या देणगीची वजावट आयटेमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे सरसकट वजावटीऐवजी एकेक वजावट वेगळी मांडणाऱ्यालाच मिळते. बऱ्याच महाराष्ट्र मंडळांना आणि मराठी शाळांना चेक दिला जातो. ते युनिटं घेऊ शकत असतील तर विचारून पाहा, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको, हस्तांतराला वेळ लागतो.

पाचवं काम: तोटा वापरा, पण वॉश सेल सांभाळा

दुसऱ्या कुठल्या फंडात किंवा शेअरमध्ये तोटा असेल तर तो ३१ डिसेंबरच्या आत विकून काढता येतो, आणि लाँग-टर्म वाटपातून तो वजा होतो. तोटा नफ्यापेक्षा जास्त झाला तर वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो आणि बाकीचा पुढच्या वर्षांत जातो. शॉर्ट-टर्म वाटपाला मात्र हा तोटा थेट लागू होत नाही, कारण ते डिव्हिडंड म्हणून आलेलं असतं. त्याच्या विरुद्ध फक्त तो ३,००० चा भागच उपयोगी पडतो.

न्यू जर्सीचं इथेही वेगळं आहे. राज्याच्या रिटर्नमध्ये तोटा त्याच वर्षीच्या नफ्याविरुद्धच वापरता येतो. पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. या वर्षी वाटप आलं असेल तर या वर्षीच तोटा काढण्याला इथे म्हणून जास्त किंमत आहे.

वॉश सेलचा नियम असा: तोट्यात विकण्याच्या ३० दिवस आधीपासून ३० दिवस नंतरपर्यंत तेच किंवा जवळजवळ तसंच काही घेतलं, तर तोटा आत्ता धरला जात नाही. हा नियम लोकांना माहीत असतो. पकडतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. मी एकदा तोट्यातला फंड विकला आणि तोच फंड नवऱ्याच्या आयआरएमध्ये दर महिन्याला आपोआप घेतला जात होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. जोडीदाराची खरेदी नियमात धरली जाते, आणि आयआरएमध्ये झालेल्या खरेदीमुळे अडकलेला तोटा खरेदी किमतीत मिळवायलाही मिळत नाही, तो गेलाच. दोघांच्या खात्यांतले सगळे आपोआप चालणारे व्यवहार विकायच्या आधी एकदा समोरासमोर बसून बघा. डिव्हिडंडची आपोआप होणारी पुनर्गुंतवणूक हीसुद्धा खरेदीच आहे.

आणखी एक छोटी अट. फंड घेऊन सहा महिने किंवा त्याहून कमी झाले असतील, मधे लाँग-टर्म वाटप मिळालं असेल आणि मग तोट्यात विकलात, तर वाटपाएवढा तोटा लाँग-टर्म धरला जातो. वाटप घेऊन लगेच शॉर्ट-टर्म तोटा दाखवायची वाट कायद्याने अशी बंद केली आहे.

सहावं काम: पुनर्गुंतवणूक बंद करून पाहा

करपात्र खात्यात वाटपाची आपोआप पुनर्गुंतवणूक बंद करून पैसे रोख घेतले, तर कराचे पैसे तिथूनच भरता येतात, उरलेले तुम्हाला पाहिजे त्या फंडात टाकता येतात आणि वर म्हटलेली वॉश सेलची भानगडही टळते. कर दोन्ही प्रकारे सारखाच. मी आता फक्त निवृत्तीच्या खात्यांत पुनर्गुंतवणूक चालू ठेवते.

सातवं काम: उत्पन्नाच्या रेषा तपासा

वाटपामुळे नुसता कर वाढतो एवढंच नाही, एकूण उत्पन्न वाढतं आणि त्या उत्पन्नाला जोडलेल्या बाकी गोष्टी हलतात. २०२५ या करवर्षासाठी लाँग-टर्म नफ्यावर शून्य टक्के दराची मर्यादा एकत्र रिटर्नला ९६,७०० डॉलर करपात्र उत्पन्न आणि एकट्याला ४८,३५० होती. त्यावर १५ टक्के, आणि एकत्र रिटर्नला ६,००,०५० नंतर २० टक्के. हे आकडे दरवर्षी महागाईनुसार सरकतात. ३.८ टक्क्यांच्या जादा कराची २,५०,००० आणि एकट्यासाठी २,००,००० ही रेषा मात्र २०१३ पासून तशीच आहे, म्हणून दरवर्षी जास्त घरं तिच्या वर जातात.

घरात कुणी निवृत्त असेल तर मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता पाहा. तो दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, आणि रेषेच्या एक डॉलर वर गेलं तरी पुढच्या टप्प्याचा पूर्ण हप्ता लागतो. आपल्या आधीच्या पिढीतले, सत्तरच्या दशकात आलेले काका-काकू आता या टप्प्यावर आहेत आणि त्यांच्याकडे तीस-तीस वर्षं जुने ॲक्टिव्ह फंड, म्हणजे मॅनेजर स्वतः शेअर निवडतो असे फंड असतात. त्यांना फोन करून हे सांगाच. सरकारी बाजारातून सवलतीत आरोग्यविमा घेणाऱ्यांची सवलतही याच उत्पन्नावर ठरते.

मुलाच्या यूटीएमए खात्यात फंड असेल तर २०२५ साठी २,७०० डॉलरच्या वरच्या गुंतवणूक-उत्पन्नाला आईवडिलांचा दर लागतो. नवसाने जमवलेल्या कॉलेजच्या पैशांत मोठ्या वाटपाचा फंड नको.

आठवं काम: कराचे पैसे वेळेत पोचवा

रिटर्न भरताना १,००० डॉलर किंवा जास्त कर बाकी निघाला तर दंड लागू शकतो. या वर्षीच्या कराचा ९० टक्के भाग, किंवा मागच्या वर्षीच्या कराएवढी रक्कम आधीच भरलेली असेल तर दंड नाही. मागच्या वर्षीचं उत्पन्न १,५०,००० च्या वर असेल तर मागच्या वर्षीच्या ११० टक्के. कमी पडत असेल तर दोन मार्ग: १५ जानेवारीच्या आत अंदाजित कराचा चौथा हप्ता भरा, किंवा डब्ल्यू-४ हा पगारातल्या करकपातीचा फॉर्म बदलून डिसेंबरच्या पगारातून जास्त कपात करून घ्या. पगारातली कपात वर्षभर समान झाली असं धरलं जातं, म्हणून नोकरदारांसाठी दुसरा मार्ग जास्त सोयीचा. राज्याचा हप्ता वेगळा भरायचा असतो, तो विसरू नका.

भारतातल्या फंडांबद्दल

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मग पुण्या-मुंबईच्या बँकेतून ग्रोथ पर्यायाचे भारतीय फंडच घेतलेले बरे. कृपा करून तसं करू नका. अमेरिकेचे करनिवासी असताना, म्हणजे ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी वर दिवसांची अट पूर्ण करून राहताना, भारतीय म्युच्युअल फंड पीएफआयसी, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी, या वर्गात मोडतात. त्यांच्या नफ्याची विभागणी धरून ठेवलेल्या वर्षांवर केली जाते, त्या त्या वर्षाचा सर्वांत वरचा दर लावला जातो आणि वर व्याज. प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१ वेगळा. वर्षअखेरीस अशा सगळ्या गुंतवणुकीची किंमत एकट्याला २५,००० आणि एकत्र रिटर्नला ५०,००० डॉलरपर्यंत असेल आणि त्या वर्षी विक्री किंवा मोठं वाटप नसेल, तर तो फॉर्म साधारणपणे भरावा लागत नाही. इकडे येण्याआधीचे फंड पडून असतील तर पीएफआयसीचं काम केलेल्या सीपीएला (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाला) एकदा दाखवाच. नेहमीच्या सगळ्याच करसल्लागारांना हे येतं असं नाही.

कायमचा उपाय: कुठला फंड कुठल्या खात्यात

दर नोव्हेंबरात धावपळ करायची नसेल तर मांडणीच बदलायला हवी. जास्त खरेदी-विक्री करणारे ॲक्टिव्ह फंड, टार्गेट रिटायरमेंट फंड, बॅलन्स्ड फंड, बाँड आणि आरईआयटी (स्थावर मालमत्तेतल्या गुंतवणुकीचे) फंड हे ४०१-के आणि आयआरएमध्ये ठेवा. करपात्र खात्यात संपूर्ण बाजाराचे इंडेक्स फंड किंवा ईटीएफ (शेअरसारखे बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड). ईटीएफमधून मोठे खेळाडू बाहेर पडतात तेव्हा त्यांना रोख पैशांऐवजी शेअरच दिले जातात, आणि अशा देवाणघेवाणीवर फंडाच्या हाती करपात्र नफा उरत नाही. म्हणून शेअरांच्या इंडेक्स ईटीएफमधून कॅपिटल गेन वाटप क्वचितच येतं. डिव्हिडंड मात्र येतोच, तो करपात्र असतोच. म्युनिसिपल बाँड फंड करपात्र खात्यात ठेवणाऱ्यांनी हे जाणून असावं की त्याचं व्याज केंद्राच्या करातून मोकळं असतं, कॅपिटल गेन वाटप नाही.

जुना ॲक्टिव्ह फंड खूप नफ्यात असेल तर एकदम विकू नका. नवे पैसे तिकडे टाकणं थांबवा, वाटप रोख घ्या, तोट्याच्या वर्षी त्या तोट्याएवढी युनिटं कमी करा, देणगी त्यातूनच द्या. माझा तो पहिला फंड मी असाच सहा वर्षांत रिकामा केला.

फेब्रुवारीत

एकत्रित १०९९ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतो, आणि फंडांच्या बाबतीत त्याची दुरुस्त प्रत पुढे मार्चपर्यंत येऊ शकते. मी रिटर्न मार्चच्या तिसऱ्या आठवड्याआधी पाठवत नाही. २ए चौकोनातला आकडा शेड्यूल डी या भांडवली नफ्याच्या फॉर्मच्या तेराव्या ओळीवर जातो. ७ व्या चौकोनात परदेशी कर दाखवला असेल तर त्याचं क्रेडिट मागायला विसरू नका, आंतरराष्ट्रीय फंडवाल्यांचं ते हमखास राहून जातं.

शेवटी खरेदी किंमत. १ जानेवारी २०१२ पासून घेतलेल्या फंड-युनिटांची किंमत ब्रोकर ठेवतो आणि करखात्याला कळवतो. त्याआधीच्यांची जबाबदारी तुमची. जुन्या फंडात वर्षानुवर्षं परत गुंतवलेली वाटपं खरेदी किमतीत मिळवली नाहीत तर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरला जातो. म्हणून २०१२ आधीची वर्षअखेरीची स्टेटमेंटं कुठल्या फाइलीत, कुठल्या खोक्यात असतील ती याच आठवड्यात शोधून स्कॅन करून ठेवा, आणि वडिलांची किंवा सासऱ्यांची असली तर त्यांना आठवतंय तोवर त्यांच्याकडून मागून घ्या.